कृतज्ञतेची वही आणि कराराची वही

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत प्रत्येक संघापुढे केव्हा ना केव्हा हा प्रश्न येतो, की ज्या खेळाडूने दहा-बारा वर्षे संघाचे नाव राखले आणि ज्याच्या क्रमांकाची जर्सी घालून शहरातली मुले मैदानावर येतात, त्याच्याशी आणखी तीन-चार वर्षांसाठी बांधून घ्यावे, की त्याची किंमत टिकून आहे तोवर त्याला दुसऱ्या संघाकडे जाऊ द्यावे. चिरंजीव ज्या कार्यालयात नुकताच रुजू झाला आहे, तेथे असेच एक टिपण तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले आहे, आणि आकडे हाताशी असूनही लेखणी पुढे सरकत नाही असे त्याने कळवले आहे. लेखणी अडते यात वावगे काही नाही. उलट असे टिपण ज्याला एका बैठकीत सुचते, त्याच्या टिपणावर विसंबू नये असे मामाचे स्पष्ट मत आहे.

प्रथम नियमांची बैठक पक्की करावी. चालू करार संपण्यापूर्वीच त्याला पुढची वर्षे जोडणे म्हणजे मुदतवाढ. आणि चालू करारासकट खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टचे हक्क घेणे म्हणजे ट्रेड. ड्राफ्ट ही नव्या खेळाडूंची वार्षिक निवड असून तिच्यात तळाच्या संघांना वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक ठेवलेली असते, त्यामुळे दुबळ्या संघाचा पहिल्या फेरीचा हक्क हा सोन्याच्या मोलाचा ठरतो. या सर्वांवर सॅलरी कॅपचे, म्हणजे संघाच्या एकूण वेतनावरील मर्यादेचे, छत्र असते. 2025-26 च्या हंगामासाठी ही मर्यादा सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर होती, आणि दहा किंवा अधिक वर्षे खेळलेल्या खेळाडूला तिच्या 35 टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 5 कोटी 41 लाख डॉलर, पहिल्या वर्षी देता येतात. पुढे दरवर्षी त्या पहिल्या रकमेच्या 8 टक्के वाढ धरली तर चौथ्या वर्षी हा आकडा 6 कोटी 71 लाखांवर जातो. खेळाडूचे शरीर उताराला लागलेले आणि त्याचे वेतन चढाला लागलेले, अशी ही रचना असते.

त्यातच लॅरी बर्ड या बोस्टनच्या खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी एक सवलत अशी, की स्वतःच्या खेळाडूला राखण्यासाठी संघाला वेतनमर्यादा ओलांडता येते, मात्र तो निघून गेला तर रिकाम्या जागेवर तेवढ्याच किमतीचा बाहेरचा खेळाडू बहुधा आणता येत नाही. मुदतवाढीचा मोह जन्मतो तो येथे. ‘हा गेला तर हाती काहीच उरणार नाही’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी उच्चारतो, आणि ते खोटेही नसते. परंतु 2023 च्या वेतनकरारापासून खर्चाच्या वरच्या टोकाला ‘सेकंड एप्रन’ नावाची आणखी एक रेषा आली आहे, जी ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंची वेतने एकत्र जोडून मोठा ट्रेड करता येत नाही आणि सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टचा पहिल्या फेरीचा हक्कही विकता येत नाही. चुकलेली मुदतवाढ पूर्वी केवळ महाग पडत असे. आता ती ज्या हातांनी चूक निस्तरायची ते हातच बांधून टाकते.

आता लॉस एंजेलिस लेकर्स आणि कोबी ब्रायंट यांचे उदाहरण घ्यावे, आणि ते घेताना आवाज खाली ठेवावा, कारण तो खेळाडू त्या आदराला पात्र आहे. 12 एप्रिल 2013 च्या रात्री, संघाला बाद फेरीत नेण्यासाठी अनेक दिवस जवळजवळ प्रत्येक मिनिट खेळून झालेला 34 वर्षांचा ब्रायंट गोल्डन स्टेटविरुद्ध चेंडू घेऊन पुढे झेपावत असताना त्याच्या टाचेमागची अकिलीस कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी, तुटली. सामना संपायला सुमारे तीन मिनिटे होती, आणि तो मैदान सोडण्याआधी फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत पायी चालत गेला, दोन्ही चेंडू जाळ्यात टाकले, आणि मगच बाहेर पडला. ज्या शहराने हे पाहिले त्या शहराला त्याचे ऋण वाटले तर त्यात नवल कसले? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, दुखापतीनंतर तो एकही सामना खेळलेला नसताना, लेकर्सनी त्याला दोन वर्षांची 4 कोटी 85 लाख डॉलरची मुदतवाढ दिली. डिसेंबरात तो परतला, सहा सामने खेळला, आणि गुडघ्याचे हाड मोडून पुन्हा बसला. मुदतवाढीच्या पहिल्या हंगामात त्याचे वेतन 2 कोटी 35 लाख आणि वेतनमर्यादा सुमारे 6 कोटी 30 लाख, म्हणजे एका माणसावर सदतीस टक्के. तो 35 सामने खेळला आणि संघाने 21 जिंकले, 61 गमावले. पुढच्या वर्षी 17 विजय आणि 65 पराभव झाले, आणि संघाच्या इतिहासातील तो नीचांक ठरला. 13 एप्रिल 2016 रोजी अखेरच्या सामन्यात त्याने 60 गुण केले, आणि ती रात्र पाहणारे कोणी ती विसरणार नाही, हेही तितकेच खरे.

या प्रकरणातला दोष प्रेमात शोधू नये; दोष वेळेचा आहे आणि वहीचा आहे. ब्रायंटचा तेव्हाचा करार 2014 च्या उन्हाळ्यापर्यंत होता, त्यामुळे थांबण्यासाठी लेकर्सना काहीच मोजावे लागले नसते, आणि तोवर गुडघ्याचीही बातमी हाती आली असती. दुसरे असे, की त्याच्या पाच विजेतेपदांचे ऋण फेडायचे होते ते पुढच्या दोन हंगामांच्या वेतनमर्यादेतून फेडले गेले, म्हणजे त्याच्याबरोबर खेळणाऱ्या कोवळ्या खेळाडूंच्या वाट्यातून. कृतज्ञतेची वही वेगळी आणि कराराची वही वेगळी, हे चिरंजीवाने आपल्या टिपणात पहिल्याच परिच्छेदात लिहावे. पहिल्या वहीत निवृत्त जर्सी असते, पुतळा असतो, निवृत्तीनंतर संघात मानाची जागा असते, आणि यांपैकी कशावरही वेतनमर्यादा नसते. दुसऱ्या वहीत फक्त येणाऱ्या वर्षांचा खेळ मांडायचा असतो.

दोन्ही वह्या नीट सांभाळल्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण बोस्टन सेल्टिक्सचे आहे. 2013 साली पॉल पिअर्स 35 वर्षांचा होता आणि 1998 पासून, म्हणजे 15 हंगाम, त्याने दुसऱ्या कोणत्याही संघाची जर्सी घातली नव्हती. केविन गार्नेट 37 वर्षांचा होता. दोघांनी मिळून 2008 चे विजेतेपद आणले होते, जे बोस्टनला 22 वर्षांनी मिळाले. 2013 मध्ये पहिल्याच फेरीत न्यूयॉर्ककडून हार झाली, प्रशिक्षक डॉक रिव्हर्स दुसरीकडे गेले, आणि संघाची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते डॅनी एंज, जे स्वतः 1986 च्या विजेत्या सेल्टिक्स संघात खेळले होते आणि ज्यांना त्याच संघाने 1989 मध्ये ट्रेड केले होते, त्यांनी दोघांनाही ब्रुकलिन नेट्सकडे पाठवले. 1986 नंतर लॅरी बर्ड आणि केविन मॅकहेल यांना संघाने निवृत्तीपर्यंत राखले होते, आणि दुखापतींनी ती वर्षे कुरतडली होती. त्या काळी संघावर आलेली इतर संकटेही मोठी होती, म्हणून सारा दोष त्या निष्ठेवर ठेवणे अन्यायाचे होईल, पण एंज यांनी तो काळ आतून पाहिला होता हे विसरून चालत नाही.

ब्रुकलिनने बदल्यात काय दिले ते बारकाईने पाहावे: 2014, 2016 आणि 2018 या वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क, आणि 2017 साली दोन्ही संघांच्या क्रमांकांतील वरचा क्रमांक घेण्याचा पर्याय, ज्याला पिक स्वॅप म्हणतात. पिअर्स आणि गार्नेट हे ब्रुकलिनला एका वर्षात विजेतेपद देतील या आशेवर नेट्सनी तो हंगाम काढला, जादा वेतनखर्चापोटी सुमारे 9 कोटी डॉलर केवळ दंडकर भरला, आणि दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरले. पिअर्स वर्षभरात वॉशिंग्टनला गेला आणि गार्नेट दीड वर्षात मिनेसोटाला. त्यानंतर नेट्स घसरत गेले आणि घसरणीचे फळ, जे त्यांना नवे खेळाडू म्हणून मिळायचे, ते बोस्टनच्या पदरात पडत राहिले. 2016 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन आला. 2017 मध्ये पूर्व विभागात सर्वाधिक सामने जिंकलेल्या बोस्टनकडे चक्क पहिला क्रमांक आला, त्यांनी तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि आणखी एक हक्क घेतला, आणि जेसन टेटमला निवडले. 2024 साली याच दोघांच्या जोरावर सेल्टिक्सनी विजेतेपद मिळवले. चार हक्कांपैकी दोन फळले, 2014 च्या हक्काने आलेला खेळाडू टिकला नाही, आणि 2018 चा हक्क ज्या ट्रेडमध्ये खर्ची पडला त्यातून आलेला कायरी अर्व्हिंग दोन हंगामांत निघून गेला. ट्रेडपासून विजेतेपदापर्यंत 11 वर्षे लागली, हा आकडा टिपणात ठळक लिहावा, कारण मालक जेव्हा ‘बोस्टनसारखे करू’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तीन वर्षे असतात.

आणि कृतज्ञतेच्या वहीचे काय झाले? जानेवारी 2014 मध्ये दोघे ब्रुकलिनच्या जर्सीत बोस्टनला आले, तेव्हा मैदानावरील पडद्यावर त्यांच्या वर्षांची चित्रफीत दाखवली गेली आणि प्रेक्षक उभे राहिले. 11 फेब्रुवारी 2018 रोजी पिअर्सचा 34 क्रमांक आणि मार्च 2022 मध्ये गार्नेटचा 5 क्रमांक छताला टांगला गेला. ट्रेडने नाते तुटले नाही.

राखून ठेवणेही योग्य ठरू शकते, मात्र तेव्हा किंमत आणि भूमिका दोन्ही उतरावी लागतात. सॅन अँटोनियोच्या टिम डंकनने 2012 मध्ये, 36 व्या वर्षी, दोन कोटींहून अधिक असलेले वार्षिक वेतन एक कोटीच्या आत आणून करार केला. 2013-14 मध्ये त्या संघातील एकाही खेळाडूने सरासरी 30 मिनिटे खेळ केला नाही, आणि त्या वर्षी ते विजेते झाले. डॅलसच्या डर्क नोवित्स्कीनेही 2014 मध्ये तीन वर्षांसाठी मिळून अडीच कोटी डॉलर घेतले, जेव्हा आधीच्या एका वर्षातच त्याला सव्वादोन कोटी मिळाले होते. हा त्याग मात्र खेळाडूने स्वतः करायचा असतो. तो मागून घेण्याचा हक्क संघाला नाही.

चिरंजीवाने मुदतवाढ आणि ट्रेड यांना परस्परविरोधी पर्याय मानले आहे, तेवढे दुरुस्त करावे. पोर्टलंडने 2022 मध्ये डेमियन लिलार्डला दोन वर्षांची, सुमारे 12 कोटी डॉलरची मुदतवाढ दिली, जी 2026-27 पर्यंत पोहोचत होती. वर्षभरात त्यानेच ट्रेड मागितला, त्याला मायामीला जायचे होते, आणि त्या करारात नकाराधिकार, म्हणजे खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड होऊ नये असे कलम, नसल्यामुळे पोर्टलंड तीन महिने थांबून त्याला मिलवॉकीला देऊ शकले. करार लांब होता म्हणूनच घेणाऱ्याने मोल दिले. बदल्यात आलेल्यांपैकी टुमानी कमारा हा दुसऱ्या फेरीतून निवडला गेलेला, फारसा गाजावाजा नसलेला खेळाडू पुढे नामांकित बचावपटू ठरला. जोखीम मात्र नाहीशी झाली नव्हती, ती हस्तांतरित झाली होती: एप्रिल 2025 मध्ये लिलार्डचीही अकिलीस कंडरा तुटली, आणि मिलवॉकीने त्याला करारमुक्त करून उरलेले सुमारे 11 कोटी 30 लाख डॉलर पाच वर्षांत विभागले, म्हणजे संघात नसलेल्या खेळाडूसाठी वेतनमर्यादेतले दरवर्षी सव्वादोन कोटी अडकले. लिलार्ड त्याच उन्हाळ्यात पोर्टलंडला परतला, आणि या वेळी करारात नकाराधिकाराचे कलम घालून घेतले.

त्याने ते कलम का घातले असेल, याचा विचार टिपण लिहिणाऱ्याने अवश्य करावा. 2018 मध्ये टोरांटोने नऊ हंगाम खेळलेल्या डेमार डीरोझनला क्वाय लेनर्डच्या बदल्यात सॅन अँटोनियोला दिले आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवले. व्यवहार म्हणून त्यात खोट काढता येत नाही. पण आपल्याला ट्रेड करणार नाहीत अशी डीरोझनची समजूत होती, आणि संघाचे प्रमुख मसाई उजिरी यांना त्या गैरसमजाबद्दल जाहीरपणे क्षमा मागावी लागली. जी गोष्ट अजून ठरलेली नाही तिच्याबद्दल खेळाडूला अभय देऊ नये, आणि जी ठरली आहे ती त्याला बातमीतून कळू देऊ नये. या दोन वाक्यांपलीकडे या बाबतीत शिष्टाचार फारसा नाही.

ट्रेडची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीस संपते. त्याआधी चिरंजीवाने सलग दोन रात्रींच्या सामन्यांपैकी दुसरा सामना निवडावा, तिसऱ्या सत्रात चेंडूकडे पाहणे सोडून द्यावे, आणि केवळ त्या एका खेळाडूकडे पाहावे: स्वतःचा फेकलेला चेंडू हुकल्यावर बचावासाठी तो पहिली चार पावले धावतो की चालतो, उडी मारून उतरताना भार दोन्ही पायांवर घेतो की एकाच, सहकाऱ्याला हात देऊन उठवताना कंबरेवर दुसरा हात जातो की नाही. नेमबाजी आणि उंची उशिरा झिजतात, पण पहिल्या पावलाचा वेग आधी जातो, आणि तो गुणांच्या सरासरीत दिसायला आणखी एक हंगाम लागतो. जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवावे आणि टिपणाच्या चौथ्या वर्षाच्या रकान्यासमोर तेच मांडावे.