कान शाबूत असतानाच तपासा

तोफखान्यातल्या जवानांना आणि तलासरीहून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत रोज जाणाऱ्या पोरांना मला एकच सांगायचं आहे. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा बहुतेकदा दुखत नाही. म्हणून दुखण्याची वाट न पाहता कान तपासून घ्या आणि तपासणीचा कागद जपून ठेवा.

१९९९ च्या कारगिल युद्धात मी द्रासला बोफोर्सवर गनर होतो. ही १५५ मिलिमीटरची तोफ पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे डागते. वर चढणाऱ्या पायदळाला आमच्या माऱ्याचा आधार होता, त्यामुळे तोफा थांबवण्याचा प्रश्नच नव्हता. कानांत शिट्टी वाजत राहायची. ती सगळ्यांच्याच कानांत वाजायची, म्हणून कुणी तिला आजार मानलं नाही. निवृत्तीच्या तपासणीत सुमारे ६ मीटरवरून कुजबुजलेले शब्द मी ओळखले आणि कागदावर कान ठणठणीत ठरले.

पुढे तलासरीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांतले पंप, पिठाच्या गिरण्यांच्या मोटरी असं काम येतं. या धंद्यात कानावर फार भिस्त असते, कारण बेअरिंग जायला लागलं की आधी बारीक चिरकतं. तोच आवाज मला येईनासा झाला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा जमिनीतला गडगडाट मला ऐकू यायचा, पण ‘बाबा, बाहेर या’ ही मुलीची हाक कळायची नाही.

ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने होणारी ऐकण्याची तपासणी, केली तेव्हा कारण समजलं. प्रचंड आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ पुसट होतात, घोगरे आवाज मात्र येत राहतात. त्यामुळे माणसाला वाटतं, आपले कान बरे आहेत, लोकच पुटपुटतात. कुजबुज ओळखण्याच्या चाचणीतून हा दोष सहज निसटतो.

नोकरीत असाल तर फायरिंगनंतर कानाला दडा बसला किंवा शिट्टी थांबेना, की सिक रिपोर्ट करा आणि नोंद होऊ द्या. अचानक ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाआधी ऑडिओमेट्रीची मागणी करा आणि आलेखाची प्रत घ्या.

निवृत्त झाला असाल तर अपंगत्व पेन्शनच्या दाव्यासाठी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि जुने वैद्यकीय कागद एकत्र ठेवा. भरतीच्या वेळी दोष नोंदलेला नसेल, तर नंतरचा दोष सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात म्हटलं आहे. २०२३ मध्ये नियम बदलले असल्याने आपल्याला कोणते लागू होतात, हे आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. दावा फेटाळला तर अपील करता येतं आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे सदस्य असाल तर श्रवणयंत्राची चौकशी तिथे करा. यंत्र लावण्यात कसला कमीपणा?

कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये असाल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागणं हीच धोक्याची खूण समजा. नियमांप्रमाणे आठ तासांच्या पाळीला मर्यादा ९० डेसिबलची आहे. कापसाच्या बोळ्याने भागत नाही, इअर प्लग किंवा इअर मफच हवा. तो मालकाकडे हक्काने मागा. आणि तुम्हीच मालक असाल, तर शिकाऊ पोराच्या कानांवर मफ चढल्याशिवाय ग्राइंडर सुरू होऊ देऊ नका.