चोरीची माळ आणि खुनाचे रहस्य

रहस्यकथा म्हणजे प्रवासात वाचावी आणि गाडीतच विसरून यावी अशी वस्तू, असा समज आपल्याकडे रूढ आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूने असंख्य वाचकांना वाचनाची गोडी लावली, तरी अभ्यासाचा विषय म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले गेले. चांगली रहस्यकथा मात्र पुरावा कसा पारखावा हे शिकवते आणि जाता जाता समाजाचेही दर्शन घडवते. अगाथा ख्रिस्ती यांची १९३७ साली प्रसिद्ध झालेली ‘डेथ ऑन द नाईल’ ही कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

कथा घडते इजिप्तमध्ये. ‘कर्नाक’ नावाच्या आगबोटीतून हौशी प्रवासी नाईल नदीची सफर करीत असतात. लिनेट डॉयल ही तरुण, श्रीमंत, नवविवाहित स्त्री रात्री आपल्या केबिनमध्ये गोळी लागून मरते आणि तिची मोत्यांची माळ नाहीशी होते. खून माळेसाठीच झाला, असे कोणालाही वाटावे. लेखिकेचे खरे कसब येथेच आहे. एकाच रात्री, एकाच केबिनमध्ये घडलेल्या दोन गोष्टींची सांगड आपले मन आपोआप घालते. हर्क्यूल पॉयरो हा गुप्तहेर ती सांगड सोडवतो.

ख्रिस्तीबाईंचे पती मॅक्स मॅलोवन हे पुरातत्त्वज्ञ होते. उत्खननात वस्तूभोवतीची माती हलक्या हाताने दूर केली की वस्तू आपल्या खऱ्या आकारात दिसते. पॉयरोची पद्धत हीच आहे. या खुनाभोवती माळेची चोरी ही अशीच माती आहे. ती दूर केल्याखेरीज खुनी दिसत नाही. खुनी कोण, हे मी येथे सांगत नाही; तो आनंद वाचकाने स्वतःच घ्यावा. चोरीची उकल मात्र सांगणे भाग आहे, कारण माझा मुद्दा तिच्यातच आहे.

माळ परत येते ती एका परिचारिकेच्या हातून. मिस व्हॅन स्कायलर या धनाढ्य अमेरिकन वृद्धेला वस्तू उचलण्याची खोड असते. घराण्याची अब्रू राखण्यासाठी ही परिचारिका पगारावर नेमलेली असते. पॉयरो माळ तपासतो, तर मोती नकली! खरे मोती टिम ॲलर्टन या सुसंस्कृत घरातील तरुणाने आधीच बदललेले असतात आणि जपमाळेच्या पोकळ मण्यांत दडवलेले असतात. पॉयरो त्याला पोलिसांच्या हवाली करीत नाही. सुधारण्याची संधी देतो.

वाचताना येथे मी थबकलो. श्रीमंत वृद्धेने उचलले तर तो आजार ठरतो; कुलीन तरुणाने चोरले तर ती तारुण्यातील चूक ठरते. हीच माळ लिनेटची मोलकरीण लुईझ हिच्या पेटीत सापडली असती, तर तिला कोणी संधी दिली असती काय? आपल्याकडेही घरात दागिना हरवला की पहिली झडती कामवाल्या बाईच्या पिशवीची होते. तो कपाटातच सापडला तरी तिची क्षमा मागण्याचे कोणाला सुचत नाही. कादंबरीत लुईझला खुनी ठाऊक असतो. त्या माहितीचे पैसे मागायला ती जाते आणि मारली जाते. हातात उरतो फाटक्या नोटेचा तुकडा. तो पुरावा म्हणून जपला जातो. तिच्यासाठी रडणारे मात्र बोटीवर कोणी नसते.

खुनाच्या बाबतीत पॉयरो गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. क्षमेच्या बाबतीत मात्र त्याचा तराजू किंचित झुकतो. लेखिकेला हे अभिप्रेत होते की नाही, यावर मतभेद होतील. पण हा प्रश्न विचारायला लावणारे पुस्तक केवळ करमणुकीचे म्हणून बाजूला सारता येणार नाही. रहस्यकथेतील ‘चोर कोण?’ हा प्रश्न शेवटच्या पानावर सुटतो. ‘चोर कोणाला म्हणायचे?’ हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर सुरू होतो.