पत्रं गेली नॉर्वेला, मग अमेरिकेत उरलं काय?

प्रश्न : नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या शेतकरी कुटुंबांचे कागद तिथे जपून ठेवले आहेत, असं वाचलं. पण त्यांची पत्रं तर गावाकडे गेली असणार! मग अमेरिकेत उरलं काय? आणि साध्या शेतकऱ्यांची कागदपत्रं कुणी, कशासाठी जमवली? – एक वाचक, सातारा

उत्तर : अशा कुटुंबांचा पत्रव्यवहार समुद्राच्या दोन काठांवर विभागला गेलेला असतो. मुलीनं धाडलेलं पत्र आईच्या पेटीत राहतं, आईचं उत्तर मुलीच्या. जुलै 1825 मध्ये ‘रेस्टोरेशन’ नावाचं लहानसं गलबत स्टावांगेरहून निघालं, तेव्हापासून शंभर वर्षांत 8 लाखांहून अधिक नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. त्यांची पत्रं गावात मोठ्यानं वाचली जात, उतरवून घेतली जात, कधी स्थानिक वर्तमानपत्रात छापूनही येत. हालिंगदालची ग्रो स्वेन्सेन 1862 साली नवऱ्याबरोबर आयोवात गेली आणि 1878 मध्ये तरुणपणीच वारली. या मधल्या वर्षांत तिनं आईवडिलांना लिहिलेली पत्रं नॉर्वेत टिकली, म्हणूनच 1950 मध्ये ती अमेरिकेत पुस्तकरूपानं निघू शकली.

अमेरिकेच्या काठावर उरलेलं साहित्यही भरघोस आहे. गावाकडून आलेली उत्तरं, रोजनिश्या, चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्या, महिला मंडळांची इतिवृत्तं, एकाच खोऱ्यातून आलेल्यांच्या मेळाव्यांचे अहवाल, फोटो. आयोवातल्या डेकोरा गावातून निघणारं ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वर्तमानपत्र तर 1874 ते 1972 इतकी वर्षं चाललं. मला स्वतःला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते रोबर्ग यांचं काम. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डमध्ये वर्तमानपत्राचे संपादक असलेल्या या गृहस्थांनी वर्षानुवर्षं मृत्युवार्ता आणि इतर कौटुंबिक बातम्यांची कात्रणं जमवली. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यात दोन ओळी लिहिल्या नाहीत, त्याचं जन्मगाव, मुलंबाळं, कुठून कुठे गेला हे सगळं त्या चिमुकल्या कात्रणातून कळतं.

आता कुणी आणि कशासाठी. 1925 मध्ये पहिल्या गलबताची शताब्दी मिनेसोटात थाटात साजरी झाली. राष्ट्राध्यक्ष कूलिज स्वतः भाषणाला आले होते. त्याच वर्षी नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले चिटणीस ओले रोल्वाग. कोळ्याच्या घरात जन्मलेले, पुढे नॉर्वेजियनचे प्राध्यापक आणि कादंबरीकार. तेव्हा उत्सवाला गर्दी होती, पण भाषा मात्र हातातून निसटत होती. पहिल्या महायुद्धात परकी भाषांविरुद्ध वातावरण तापलं. आयोवाच्या गव्हर्नरनी तर 1918 मध्ये सार्वजनिक ठिकाणी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलण्यावर बंदीचा हुकूम काढला. चर्चमधली प्रवचनं इंग्रजीत होऊ लागली. आजीची पत्रं नातवाला वाचता येईनात, आणि वाचता न येणारा कागद घरातून लवकर बाहेर जातो. म्हणून हे कागद जमवण्याची घाई होती. मोठ्यांची चरित्रं कुणीही लिहिली असती. चूल, पीक, कर्ज, बाळंतपण यांचा इतिहास मात्र या कागदांबरोबरच गेला असता.

या पेट्या सगळं सांगत नाहीत, हेही ध्यानात ठेवावं. ज्यांचं बस्तान बसलं नाही त्यांनी कमी लिहिलं. आणि ज्यांच्या जमिनींवर ही शेतं उभी राहिली त्या डकोटा लोकांची बाजू दुसरीकडे शोधावी लागते. ग्रो आली त्याच 1862 साली मिनेसोटात डकोटांशी युद्ध पेटलं होतं.

शोध घेताना नावांचा गोंधळ ठरलेला. लार्सचा मुलगा ओले तो ओले लार्सेन, बहीण लार्सदातर. पुढे शेतवाडीचं नाव लागे, आपल्याकडे गावावरून ‘कर’ लागतं तसं, पण वाडी बदलली की तेही बदले. अमेरिकेत कुणी एक नाव धरलं, कुणी दुसरं. सख्खे भाऊही वेगळ्या आडनावांचे निघतात. त्यामुळे एका माणसासाठी तीन नावं शोधायची तयारी ठेवावी, आणि सुरुवात चर्चच्या वहीपासून करावी. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं त्या वह्या ‘डिजिटालआर्किवे’ या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवल्या आहेत. 1867 पासून पोलिसांनी ठेवलेल्या देशांतर करणाऱ्यांच्या नोंदीही तिथे सापडतात. साताऱ्यात बसून तुम्हालाही त्या पाहता येतील.