कोल्हापुरातून टिपूया परग्रहाचे अधिक्रमण

दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह आपल्या दुर्बिणीतून दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित घटतो आणि ती घट मोजता येते. ग्रहाच्या या सरकण्यालाच अधिक्रमण म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जिथे जन्मले त्या कोल्हापुरातून, आठ इंची दुर्बीण आणि खगोलीय कॅमेरा हाताशी असेल तर हे मोजमाप होते.

नवा ग्रह शोधण्याच्या मागे लागू नका. आधी माहीत असलेला पकडा. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी एचडी १८९७३३ हा तारा घ्या. अभिजित, श्रवण आणि हंस यांच्या त्रिकोणात, डंबेल तेजोमेघाजवळ तो आहे. प्रत ७.७ असल्याने डीएसएलआर आणि टेलिफोटो लेन्सवरही भागते. त्याचा ग्रह २००५ साली सापडला, तो २.२ दिवसांत एक फेरी मारतो आणि दर वेळी सुमारे अडीच टक्के उजेड अडवतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मघा नक्षत्राच्या दक्षिणेला वास्प-४३ हा तारा मिळतो. हा मंद, १२.४ प्रतीचा, म्हणून दुर्बीणच हवी; पण ग्रहाची फेरी साडेएकोणीस तासांची आणि अधिक्रमण जेमतेम सव्वा तासाचे असल्याने संधी वारंवार येते.

अधिक्रमणाची वेळ इंटरनेटवरील वेळापत्रकांत मिळते. तिथे कोल्हापूरचे अक्षांश १६.७ उत्तर आणि रेखांश ७४.२ पूर्व भरा. वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यांत साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे पहाटेचे अडीच वाजलेले असताना तिथे आदल्या दिवसाची तारीख असते, हे विसरलात तर रात्र वाया जाईल.

पन्हाळा किंवा मसाई पठार उत्तम, पण गच्चीवरूनही जमते, कारण तारा शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहायचा असतो. उसाचे पाचट पेटते त्या दिवसांत मात्र वाऱ्याची दिशा पाहूनच जागा निवडा. सरकता धूर दिव्यांच्या उजेडापेक्षा वाईट.

फोकस मुद्दाम जरासा बिघडवा. सुंदर, टोकदार तारा इथे उपयोगाचा नाही. प्रकाश अनेक पिक्सेलांवर पसरला की मोजमाप स्थिर होते. ताऱ्याचा सर्वांत तेजस्वी पिक्सेल कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. जेपीजी नको, कच्ची फाइलच साठवा. अधिक्रमणाच्या तासभर आधी सुरुवात करा आणि संपल्यावर तासभर चालू ठेवा. आधीची आणि नंतरची सपाट पातळी नसेल तर उजेडातला खळगा ओळखणार कशावरून? सुरुवातीला तिन्हीसांजेच्या आकाशाच्या फ्लॅट फ्रेम, आणि शेवटी झाकण लावून डार्क फ्रेम घ्या.

मग अॅस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. मुख्य ताऱ्याभोवती वर्तुळ आखा, पार्श्वभूमीसाठी बाहेर कडे घ्या, आणि तेज व रंग जुळणारे तीन-चार तुलनातारे निवडा. तेजाचे गुणोत्तर वेळेनुसार मांडले की आलेख तयार. आता तुलनातारे एकमेकांशी ताडा. त्यांच्या आलेखातही तोच खळगा दिसला तर तो ग्रहाचा नाही, ढगाचा किंवा धुराचा आहे. ही तपासणी कधीही टाळू नका.

फेऱ्या वाढत जातात तशी ग्रहाच्या वेळापत्रकातली बारीक चूकही साठत जाते, आणि मोठ्या दुर्बिणींना दर वेळी ती दुरुस्त करायला सवड नसते. नासाचा एक्सोप्लॅनेट वॉच हा उपक्रम हौशी निरीक्षकांकडून अशाच नोंदी मागतो. तुमचा आलेख नीट आला, की तिथे जरूर पाठवा.