घरची गोधडी : कापडाची पारख आणि टाक्यांचा हिशेब

काळाचौकीला गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा चिंधीला तोटा नव्हता. इंडिया युनायटेडच्या २ आणि ३ नंबरच्या गिरण्या इथल्याच. फेंट, किनारीचे तुकडे किलोवर मिळत आणि त्यांत सुती माल भरपूर असे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हळूहळू ती दुनिया गेली. आता चिंधी येते ती शिवणकामाच्या कारखान्यांतून. तिच्यात सूत किती, पॉलिएस्टर किती, हे विकणाराही सांगत नाही.

म्हणून घरी गोधडी करणाऱ्या भगिनींनी आधी कापड पारखावे. दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सूत कागदासारखे जळते, राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी उरतो. ते घाम टिपत नाही, मुंबईच्या हवेत अंगाला नकोसे होते. बनियनच्या कापडाचे तुकडे तर घेऊच नयेत, ते ताणतात आणि गोधडीला लाटा येतात.

दुसरी गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो. एकदा जुन्या धुतलेल्या साड्यांवर नवे कोरे लाल कापड लावून दिले. पहिल्याच धुण्यात रंग सुटला, वरचे कापड आटले, आतले तसेच राहिले. सगळा माल परत आला. चूक आमचीच होती. नवे कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, मग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडके रंगले तर ते कापड बाजूला ठेवावे.

जुनी सुती नऊवारी असेल तर काम सोपे. ९ वार म्हणजे ३२४ इंच. सारखे ४ भाग केले की ८१ इंचांचे ४ थर मिळतात, जोड लागत नाही. पन्हा ४५ इंच धरला आणि चारही कडा इंचभर आत मुडपल्या, तर ७९ बाय ४३ ची, एका माणसापुरती गोधडी होते. विरलेला भाग आतल्या थरांत घालावा. जमिनीवर थर पसरून हाताने सुरकुत्या काढाव्यात आणि मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घालावेत. ही पायरी गाळली तर शेवटी मधोमध कापड गोळा होते. मग कडेपासून चौकोनात आत आत धावदोरा घालीत जावे. दोरा मेणावरून ओढून घेतला तर गुंतत नाही. गाठ थरांच्या आत लपवावी.

आता भावाचे. आम्हीही पुष्कळ वर्षे नगावर भाव केला, कधी तर वजनावर. एका शेजारणीने टाके मोजायला लावले तेव्हा डोळे उघडले. अर्ध्या इंचावर ओळी धरल्या तर या गोधडीत सुमारे १८८ वार धावदोरा जातो. इंचाला ४ टाके म्हणजे २७ हजारांवर टाके! घड्याळ लावून एका वाराला किती वेळ लागतो ते पाहावे. १५ मिनिटे लागली तर ४७ तास झाले. रोज ८ तास बसले तरी जवळजवळ ६ दिवस. चिठ्ठीवर कापड, दोरा आणि तास वेगवेगळे लिहून भाव सांगावा. घासाघीस करायची असेल तर गिऱ्हाइकाने ओळींतले अंतर वाढवून घ्यावे. इंचावर ओळी घेतल्या तर काम निम्मे होते, पण गोधडी तितकी टिकत नाही, हेही त्याला आधीच सांगावे. आणि कापड-दोऱ्याचा पैसा इसार म्हणून हातात आल्याशिवाय साडी फाडू नये.