आधी कारण, मग स्क्रू

अगं, तुझा साठच्या दशकातला फेंडर डीलक्स रिव्हर्ब ॲम्प पहिला अर्धा तास छान वाजतो, मग आवाज फाटायला लागतो आणि दोनपैकी एक ६व्ही६ व्हॉल्व्ह लाल होतो, असं तू कळवलंस. दुकानात बायसचा स्क्रू फिरवून दिला आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी आयुष्यभर व्हॉल्व्हचे रेडिओ आणि सभांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. गिटारचे ॲम्प पुढे हातात आले तेव्हा ते परके वाटले नाहीत. तुझा ॲम्प घडवणारा लिओ फेंडरही मुळात रेडिओवालाच. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. तेव्हा रेडिओवर शिकलेलं तुला सांगतो, ते तुझ्या ॲम्पलाही लागू पडेल. एवढं मनावर कोरून ठेव: बायस आपणहून बिघडत नाही, त्याला कुणीतरी बिघडवतं. ते कोण हे कळेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही.

आधी जीव सांभाळ

प्लग काढला म्हणजे ॲम्प मेला असं समजू नकोस. फिल्टर कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टच्या वर वीज साठून राहते. तुझ्या मॉडेलात ते चॅसीच्या बाहेरच्या अंगाला, पत्र्याच्या झाकणाखाली असतात. १० किलो-ओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर घे, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी आवरणाच्या क्लिपा लाव. एक क्लिप चॅसीला, दुसरी कंडेन्सरच्या धन टोकाला. काही सेकंद धर. मग मीटर लावून आकडा शून्याजवळ आला का ते बघ. मीटरने सांगितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

चालू ॲम्पमध्ये मोजताना काळी क्लिप आधीच चॅसीला अडकव. लाल प्रोब एका हातात, दुसरा हात खिशात. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेव. पायात कोरडी रबरी चप्पल हवी. स्पीकर कायम जोडलेला असू दे, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि जुन्या ॲम्पमध्ये तोच सगळ्यात महागात पडतो.

मूळची दोन पिनांची वायर अजून असेल तर बायसचं नंतर बघू. आधी तीन पिनांची वायर बसव, अर्थ चॅसीला पक्का कर, आणि ग्राउंड स्विचवरून मेन्सला गेलेला छोटा कंडेन्सर काढून टाक. तो शॉर्ट झाला तर मेन्सची वीज चॅसीतून गिटारच्या तारांवर येते.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज दिवा लाव. जुन्या पद्धतीचा ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब मेन्सच्या वाटेत घातला की आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो, ॲम्प वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. बायस मात्र सिरीज दिव्यावर मोजू नकोस. व्होल्ट पडलेले असतात, आकडे खोटे येतात.

एक लाल की दोन?

खोलीतला दिवा बंद करून व्हॉल्व्ह बघ. फिलामेंटची नारिंगी ज्योत असायलाच हवी. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी घाबरू नकोस. मधला मोठा करडा पत्रा म्हणजे प्लेट. तिच्यावर मळकट लाल डाग उमटला की लगेच बंद कर, 'बघू जरा' म्हणून थांबू नकोस.

दोन्ही लाल होत असतील तर दोष दोघांच्या सामायिक वाटेवर, म्हणजे बायसच्या पुरवठ्यात. एकच लाल होत असेल तर पुरवठा बहुधा ठीक आहे, त्या एका बाजूचं काहीतरी बिघडलंय. ॲम्प बंद करून, थंड झाल्यावर दोन्ही ६व्ही६ची अदलाबदल कर. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह दोषी. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर नवे व्हॉल्व्ह आणून काही होणार नाही, ते पण जळतील. इथेच पुष्कळ लोक पैसे घालवतात.

पाचव्या पिनवर काय दिसतं?

६व्ही६च्या पाचव्या पिनला ग्रिड असते. तिच्यावर उणे व्होल्ट असतात, त्यालाच बायस म्हणतात, आणि तेच कॅथोडकडून प्लेटकडे जाणारा प्रवाह आवरून धरतात. तुझ्या ॲम्पच्या मूळ नकाशात हा आकडा सुमारे उणे ३५ आहे आणि प्लेटवर ४१५. आकडा उणे ३५ चा उणे २५ झाला की प्रवाह वाढतो, हे उलटं गणित पक्कं लक्षात ठेव.

एक युक्ती सांगतो. बायसची वाट वेगळ्या डायोडमधून जाते. त्यामुळे रेक्टिफायरचा जीझेड३४ व्हॉल्व्ह काढून ठेवला तरी बायस मिळत राहतो, पण ४०० व्होल्ट तयारच होत नाहीत. दोन्ही ६व्ही६ आणि जीझेड३४ काढ, चालू कर, आणि दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनवर मोज. दोन्हीकडे सारखा आकडा हवा. हळूच स्क्रू फिरवून बघ, आकडा न अडखळता सरकला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा गायब झाला तर स्क्रूच्या पॉटचा आतला संपर्क खराब आहे. वाजवता वाजवता तो सुटला तर दोन्ही व्हॉल्व्ह मिनिटभरात लाल होतील. असा पॉट स्प्रे मारून वापरू नकोस, बदल.

दोन्हीकडे व्होल्ट कमी असतील तर पहिला संशय बायसच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर. मूळचा २५ मायक्रोफॅरॅड, ५० व्होल्टचा. इतक्या वर्षांत तो वाळून जातो, व्होल्ट पडतात आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागतो. मी ४७ मायक्रोफॅरॅड, १०० व्होल्टचा घालतो. इथे पुरवठा उणे असतो, म्हणून कंडेन्सरचं धन टोक चॅसीला जातं. सवयीने उलटा बसवला तर तो फुगतो आणि ज्यासाठी घातला तेच बिघडवतो. व्होल्ट उलट फारच जास्त असतील तर पॉटपासून चॅसीला गेलेला २७ किलो-ओहमचा रेझिस्टर मोज. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाबरोबर वर सरकतात. मग व्हॉल्व्ह थंड चालतात, आवाज पातळ होतो, सूर विरताना चरचरतो.

गरम झाल्यावर झिरपणारा चोर

तुझं दुखणं अर्ध्या तासानंतरचं आहे आणि एकाच बाजूचं आहे. ते ऐकल्याबरोबर माझं लक्ष कपलिंग कंडेन्सरवर गेलं. ६व्ही६च्या आधीच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे फेज इन्व्हर्टरच्या, प्लेटवर दोनशेच्या आसपास धन व्होल्ट असतात. तिथून सिग्नल तेवढा पुढे सोडायचा आणि डीसी अडवायची, हे ०.१ मायक्रोफॅरॅडच्या दोन कंडेन्सरांचं काम, प्रत्येक ६व्ही६ला एक. त्यातला एक झिरपू लागला की धन व्होल्ट ग्रिडवर येतात आणि उणे व्होल्ट खाऊन टाकतात. जुन्या रेडिओंत कागदी कंडेन्सर असायचे. सकाळच्या बातम्या स्वच्छ लागायच्या, गाणी सुरू होईपर्यंत आवाज घोगरा व्हायचा. थंड असताना मोजलं की सगळं बरोबर दिसायचं. म्हणून हा दोष गरम असतानाच पकडायचा.

कसा, ते सांगतो. ॲम्प बंद, कंडेन्सर रिकामे. लाल होणाऱ्या बाजूच्या ०.१ च्या कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोल्डर काढून मोकळं कर, दुसरं टोक जागेवर राहू दे. ग्रिडला बायस २२० किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून वेगळा मिळतो, त्यामुळे सगळे व्हॉल्व्ह लावून ॲम्प चालू करता येतो. मोकळ्या टोकाला लाल क्लिप, चॅसीला काळी. चालू केल्यावर काटा किंवा आकडा एकदा उसळेल आणि खाली येईल. मग तसंच अर्धा तास ठेव, नजर व्हॉल्व्हवर आणि मीटरवर. चांगला कंडेन्सर शून्याजवळ टेकून राहतो. आकडा हळूहळू चढत पाच-दहा व्होल्टवर पोचला, आणि इकडे व्हॉल्व्ह मात्र लाल झाला नाही, तर चोर सापडला. दोन्ही बाजूंचे कंडेन्सर बदल, ६०० व्होल्टचे फिल्म घे. नुसत्या वयावरून मात्र कुठलाच कंडेन्सर उपटू नकोस. साठच्या दशकातल्या फेंडरमधले निळे कंडेन्सर सहसा टिकाऊ निघतात. तपासून दोषी ठरेल तोच काढायचा.

कंडेन्सर निर्दोष निघाला तर त्या बाजूचा २२० किलो-ओहमचा रेझिस्टर मोज. तो तुटला की ग्रिड वाऱ्यावर सुटते आणि व्हॉल्व्ह बेफाम होतो. सॉकेटच्या पाचव्या पिनवरचा १.५ किलो-ओहमचा रेझिस्टर आणि त्याचं सोल्डर भिंगातून बघ. सॉकेटची पकड सैल असेल तर बंद ॲम्पमध्ये सुईने पाकळ्या आत दाब. चालू असताना संशयाच्या जागी टोकदार लाकडी काडीने हलकेच टोचलं की सैल जोड कडकड करून आपला पत्ता सांगतो.

फेंडरचे सगळे भाग काळ्या फायबर बोर्डवर बसवलेले असतात. दमट हवेत राहिलेला असा बोर्ड स्वतःच थोडी वीज वाहू लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही. कुठलाच भाग नसलेल्या मोकळ्या जागी प्रोब टेकवून बघ. तिथे व्होल्ट दिसले तर दोष बोर्डाचा. आधी तो नीट सुकव, तरी नाही गेला तर ग्रिडचे जोड बोर्डवरून उचलून हवेत घे.

आता स्क्रू

कारण दूर झालं की मगच स्क्रू. दोन्ही सॉकेटच्या आठव्या पिनला कॅथोड असतो आणि ती पिन सरळ चॅसीला जोडलेली असते. त्या वाटेत प्रत्येकी १ ओहमचा रेझिस्टर घाल. त्याच्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिॲम्पिअर. व्हॉल्यूम शून्यावर, ट्रेमोलो बंद, पंधरा-वीस मिनिटं तापू दे.

आकडेमोड सोपी आहे. ६व्ही६जीटीची प्लेट जास्तीत जास्त १४ वॅट सहन करते. त्याचे ७० टक्के म्हणजे ९.८ वॅट. तिसऱ्या पिनवर, म्हणजे प्लेटवर, ४१५ व्होल्ट असतील तर ९.८ भागिले ४१५, म्हणजे सुमारे २३.५ मिलिॲम्पिअर. तुझ्या मीटरवर दिसणाऱ्या आकड्यात स्क्रीनचे एक-दोन मिलिॲम्पिअर मिसळलेले असतात, ते वजा धर. पण ७० टक्के ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही. मी २० ते २२ वर थांबतो, कानाला पटलं तर तिथेच सोडतो.

आणखी एक बघ. हे ॲम्प ११७ व्होल्टसाठी बनले आणि तुझ्याकडे भिंतीत १२० ते १२५ येतात. प्लेटवर ४३५ मिळाले तर तीच मर्यादा २२.५ वर येते. म्हणून दुसऱ्याच्या ॲम्पचा आकडा आपल्या ॲम्पला लावायचा नाही. स्क्रू फिरवला की प्लेटचे व्होल्टही हलतात. पुन्हा मोज, पुन्हा भाग, दोनतीन फेऱ्यांत जमून येतं. दोन व्हॉल्व्हमध्ये दोनतीन मिलिॲम्पिअरचा फरक राहिला तर राहू दे, जास्त असेल तर जुळवलेली जोडी घे.

पुढे दुसरे ॲम्प हातात येतील. ६एल६जीसी ३० वॅट सहन करतो, ईएल३४ २५, ईएल८४ १२, गणित तेच. १९६८ नंतरच्या ट्विन रिव्हर्बसारख्या काही फेंडरमध्ये स्क्रू पातळीचा नसून समतोलाचा असतो. तो फिरवला की एका बाजूचा प्रवाह वाढतो, दुसऱ्या बाजूचा कमी होतो. त्याने ॲम्प थंड होईल अशी आशा धरू नकोस. प्रिन्स्टन रिव्हर्बमध्ये स्क्रूच नसतो आणि ट्रेमोलो बायसलाच हलवतो. व्हॉक्सच्या एसी३०मध्ये चारही ईएल८४ एका कॅथोड रेझिस्टरवर उभे असतात. तिथे रेझिस्टरची किंमत आणि त्याला जोडलेला कंडेन्सर बघायचा. तो शॉर्ट झाला की चौघेही लाल.

काम संपलं की एका कार्डावर पाच गोष्टी लिही: तारीख, भिंतीतले व्होल्ट, प्लेटचे व्होल्ट, पाचव्या पिनचे व्होल्ट, दोन्ही व्हॉल्व्हचे मिलिॲम्पिअर. कार्ड कॅबिनेटच्या आत चिकटव. महिन्याने पुन्हा मोज, मग वर्षातून एकदा. भिंतीतले व्होल्ट हलल्यामुळे आकडा हलला असेल तर ॲम्प ठीक आहे. भिंत जागेवर असून आकडा हलला असेल तर आत काहीतरी मोडायला लागलंय, आणि ते लाल होण्याच्या आधीच तुला कळलेलं असेल.