लेन्स घेण्याआधी रद्दीतलं एक पान काढा

मालवणात जुना कॅमेरा घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा मेगापिक्सेल विचारतं. आधी विचारायला हवं ते लेन्सचं, आणि तिने पावसाळे कुठे काढले त्याचं. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की आतल्या काचेवर बुरशी धरू शकते, आणि आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर तेवढा दमटपणा रोजचाच. तेव्हा दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा आत टाका. धुळीचे चार कण दिसले तर हरकत नाही, फोटोत ते येत नाहीत. कडेने कोळिष्टकासारखे धागे पसरलेले दिसले तर मात्र किंमत कितीही पाडून मिळो, लेन्स परत द्या. साध्या लेन्सच्या साफसफाईला अंदाजे दीड ते तीन हजार जातात, आणि काचेवरचा लेप बुरशीने खाल्ला असेल तर तो पुन्हा येत नाही.

शार्पनेसची चाचणी जवळपास फुकटात होते. छोट्या जाहिरातींचं पान अख्खं उघडून भिंतीला चिकटवा. भिंत गिलाव्याची हवी, उघड्या चिऱ्याची सपाट नसते. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्याला ५० एमएमची लेन्स असेल तर साधारण दीड मीटरवरून पान फ्रेममध्ये बसतं. कॅमेरा भिंतीला समांतर आहे का, हे पाहायला पानाच्या मध्यावर छोटा आरसा सपाट धरा. स्क्रीनवर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यात दिसलं पाहिजे. ट्रायपॉड, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. पूर्ण उघड्या ॲपर्चरला एक, एफ ८ ला एक आणि एफ १६ ला एक फोटो काढा, आणि प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यातली अक्षरं वाचा.

उघड्या ॲपर्चरला चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ते बहुतेक लेन्समध्ये चालतं. एकच कोपरा लिबलिबीत आणि समोरचा खणखणीत असेल तर आतली काच कलली आहे. ती लेन्स घेऊ नका. एफ १६ ला सगळंच किंचित मऊ पडतं, तो प्रकाशाचा गुण, त्याबद्दल विक्रेत्याशी भांडू नका. जेटीवरून भर दुपारी किल्ल्याचा तट झूम करूनही लेन्स जोखू नका. पाण्यावरची तापलेली हवा हलत असते, तिथे लाखाची लेन्सही नापास होईल.

दोन कॅमेरे तुलनेला घेतलेत तर लेन्स एकच ठेवा आणि रॉ फाइल पाहा. जेपीईजीत कॅमेरा स्वतःच धार चढवतो. २४ आणि ४५ मेगापिक्सेलमध्ये आकडा जवळजवळ दुप्पट, पण आडव्या-उभ्या मापात तपशील फार तर ३७ टक्के जास्त. १२ बाय १८ इंची प्रिंटला साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. लग्नाचे अल्बम करणाऱ्यांनीही आधी बॉडी बदलण्याची घाई करू नये, असं माझं मत आहे.

वाचलेल्या पैशांतून दोन-तीन हजारांचा बरा ट्रायपॉड घ्या. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक मिळून हजार-बाराशेत बसतात, आणि एक बॉडी नि दोन लेन्सना तेवढं पुरे. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांत ठेवा, जेलचा रंग पालटला की ते बदला. आठ-बारा हजारांचं ड्राय कॅबिनेट धंदा करणाऱ्यानेच घ्यावं. तारकर्लीच्या वाळूवर यूव्ही फिल्टर लावा, पण चाचणीच्या वेळी तो काढा. स्वस्त फिल्टर शार्पनेस खातो.

दुकानदार म्हणेल, बिल नको असेल तर हजार कमी लावतो. ऐकू नका. बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर घातलेलं बिल आणि चार दिवसांत परत करण्याची मुभा लेखी मागा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना बिल हाताशी ठेवा.